पाणी दाखवलं होतं

अन्याय झाला तो एका म्हशीवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे पुढं कुणी मोघम बोलायला नको. नव्वद साल उलटल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, वैशाखातल्या पहिल्या मंगळवारी, दुपारी बारापासून चारपर्यंत. गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचं. तिथून थोडं पुढं गेलं की लोक कानडी मिसळून बोलायला लागतात. म्हैस पंढरपुरी, पाठीपर्यंत गेलेल्या लांब शिंगांची, तिसऱ्या वेताची. बोरीच्या झाडाखाली खुंट्याला बांधलेली. तिच्यापासून चार हातांवर, त्याच सावलीत, मांडीवर फळी घेऊन एक मुलगी पत्रक लिहीत बसलेली होती. ती मुलगी मी.

चार तास मी तिच्यासमोर होते. तिनं मला सांगायचं ते सगळं सांगितलं. मला कळलं नाही, आणि त्या दिवशी मी जे जे केलं ते छापील पत्रकाप्रमाणे बरोबर होतं. तो धक्का अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मी सांगलीची. हळदीच्या पेठेजवळ आमचं घर. लहानपणी म्हशी बघितल्या त्या कृष्णेच्या पात्रात. घाटावर उभं राहिलं की पाण्याबाहेर फक्त नाकं आणि शिंगं दिसायची. म्हैस म्हणजे पाण्यात बसलेलं जनावर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हशीला पाणी लागतं ही गोष्ट मला कुणी शिकवलीच नाही, कारण माझ्यासमोरची प्रत्येक म्हैस भिजलेली होती.

कॉलेज संपता संपता मी संघटनेत गेले. वाईला शिबिर झालं. घाटावर पाण्यात पाय सोडून आम्ही वीस-पंचवीस पोरं दुष्काळावर चर्चा करत होतो आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. तिथं मला पत्रक लिहायला शिकवलं. पत्रकाचं तंत्र सरळ असतं. सुरुवातीला अन्याय कुणावर झाला आणि केव्हा, शेवटी मागणी. मधे रडगाणं नको. एका फुलस्केपची एक बाजू, त्याच्यापुढं एक अक्षर नको, कारण सायक्लोस्टाईलची शाई फुकट येत नाही. आमचे सर, म्हणजे संघटनेचे प्रमुख, म्हणायचे, लोकांच्या भाषेत लिहा. पुस्तकी शब्द आला की माणूस त्या कागदात शेंगदाणे बांधतो.

शिबिरात जनावरांच्या आहारावर एक पुस्तिका वाटली होती. पूर्वेकडं काम करायचं तर माणसांइतकंच जनावरांविषयी बोलावं लागणार, म्हणून तिचं पत्रक करायचं काम माझ्याकडं आलं. मी ते मन लावून केलं. वाळला चारा किती, हिरवा किती, पेंड कुणाला, मीठ का, खनिज मिश्रण का, वासरा-रेडकांना चीक का पाजायचा. सगळं एका बाजूत बसवलं. पाण्यावर पुस्तिकेत आख्खं पान होतं. तेवढी जागा नव्हती. मी त्याची एक ओळ केली: "सकाळ-संध्याकाळ जनावरांना पाणी दाखवा."

गावाकडं जनावराला पाणी पाजण्याला पाणी दाखवणं म्हणतात. तिकडच्या बोलीत दावणं. बादली तोंडापुढं धरायची किंवा जनावराला हौदापर्यंत न्यायचं, पिलं तर पिलं. हा शब्द मी एका म्हाताऱ्या बाईकडून उचलला होता आणि मला त्याचा अभिमान होता. सरांनी स्टेन्सिल वाचली आणि नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "वा. ही आपल्या माणसांची भाषा."

ते पत्रक तीन तालुक्यांत गेलं.

मला ज्या गावात पाठवलं तिथं मी आत्तीच्या घरी राहायचे. आख्खी गल्ली तिला आत्ती म्हणायची, मीही म्हणू लागले. पन्नाशीची, काटक, मेंढपाळांच्या घरातली. आता थोडी शेतीही होती, पण ती पावसावर. तिचा नवरा आणि दोन्ही मुलं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पलूसच्या बाजूला उतरायचे, कृष्णाकाठच्या मळ्यांत खतासाठी मेंढरं बसवायचे, ते मिरगाच्या आधी परत. मागं घरी आत्ती, तिचा म्हातारा सासरा आणि ती म्हैस. म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. गुडघे गेल्यापासून त्यांचं मेंढरांमागं जाणं बंद झालं होतं आणि त्याचा राग ते दिवसभर तंबाखूवर काढत.

पहिल्याच दिवशी आबांनी मला विचारलं होतं, "तू सांगलीची व्हय? मंग हितं काय कराय आलीस?"

"जनावरांच्या चाऱ्यासाठी आंदोलन करायला."

"जनावरं हायती तुझी?"

"नाही."

"मेंढरं?"

"नाही."

"बरं हाय," आबा म्हणाले. "लय निवांत असशील."

आत्ती हसता हसता ठसकली.

त्या वर्षी चारा खरोखरच नव्हता. आम्ही तालुक्याच्या कचेरीपुढं बसलो. बायका, म्हातारे, दोन बैल आणि एक शेळी, जिनं आमचा फलक खाल्ला. चौथ्या दिवशी आश्वासन मिळालं आणि पंधरवड्यात ट्रक आले. साताऱ्याच्या पश्चिमेकडून, भाताच्या खाचरांच्या मुलखातून आलेला पेंढा, पिवळा, कोरडा, खडखडीत. सोबत सरकीची पेंड. गावात ट्रक शिरला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी घसा फोडून मागितलेली वस्तू चार चाकांवर समोर येत होती.

पाण्याचा टँकर आधीपासून सुरू होता. दिवसाआड यायचा, निदान यायचा असं ठरलेलं होतं. तो टँकर माणसांचा. कागदावर गावातली डोकी मोजलेली होती, त्यावर खेपा ठरलेल्या. जनावरांचा त्या कागदावर रकानाच नव्हता. मी तो कागद हातात धरून वाचला होता, आणि रकाना नाही हे मला दिसलं नाही. माझी नजर चाऱ्यावर होती.

मग म्हशीला काय मिळायचं? सकाळी धारेनंतर भांडी विसळलेलं पाणी, संध्याकाळी धारेनंतर अर्धी बादली. आत्ती बादली तोंडापुढं धरायची, म्हैस दोन-तीन घोट ओढायची, तिसऱ्या-चौथ्या घोटाला आत्ती बादली मागं घ्यायची. "बास. बास म्हंते न्हवं. दावलं एकदा." म्हैस बादलीमागं मान लांबवायची. मला ते लाडाचं वाटायचं.

मधल्या वेळेला पाणी द्यायचं नाही याला दुसरंही एक कारण होतं. गावात दूध संकलन केंद्र होतं. दुधाला फॅट लागली तरच मान. बायकांची पक्की समजूत होती की दुपारी म्हशीला पाणी पाजलं की ते संध्याकाळच्या दुधात उतरतं, दूध पातळ होतं, फॅट बसत नाही. केंद्रावरचा सेक्रेटरी हीच समजूत चेष्टेतून मुरवायचा. कुणाचं दूध हलकं लागलं की नळी उन्हाकडं धरून म्हणायचा, "वहिनी, आज म्हशीला हिरीत पवाय सोडली हुती काय?" रांगेत हशा. ती बाई दुसऱ्या दिवशी पाव बादली कमी दाखवायची. हे मी रोज बघत होते आणि मीही हसत होते.

तर तो मंगळवार. सोमवारी टँकर आला नव्हता. आबा शेजारच्या गावी लेकीकडं गेले होते. सकाळी आत्तीनं म्हशीला पाव बादली दाखवली, त्यात राखेचा तवंग होता. दुपारी बाराला ती गल्लीतल्या बायकांबरोबर घागरी घेऊन खालच्या वस्तीवरच्या हापशाला निघाली. जाताना म्हणाली, "म्हशीकडं बग गं पोरी. खायाला कमी पडू दिऊ नगंस. आता आलाय तुमचा चारा तर खाऊ दी पोटभर."

मी म्हटलं, "आत्ती, काळजीच करू नका."

मी बोरीखाली बसले. संघटनेला विजयाचं पत्रक हवं होतं. मी वर लिहिलं: "चारा मिळाला, जनावरं वाचली." आणि त्याखाली रेघ ओढली.

बोरीच्या बुंध्याशी पिण्याच्या पाण्याचा रांजण होता, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं. थोड्या वेळानं आवाज आला म्हणून मान वर केली तर म्हैस दावं ताणून ते पोतं चाटत होती. लांब, खरखरीत जीभ वरपासून खालपर्यंत. मग पोत्याखालची ओली माती चाटू लागली. मी उठले. रांजण कलंडला असता तर घरात प्यायला थेंब उरला नसता. मी तिचं दावं दोन वेढे देऊन आखूड केलं, आता रांजणापर्यंत तोंड पोचत नाही ना ते नीट बघितलं, आणि परत येऊन बसले.

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, भूक. मी पेंढ्याची पेंडी सोडून पुढं टाकली. तिनं थोडं खाल्लं, मग थांबली. मी पेंड घातली. कोरडीच, कारण भिजवायला पाणी कुठं होतं. तिनं तोंड लावलं आणि काढलं. मी टोपली सरकवायला वाकले तेव्हा तिनं माझा हात चाटला. मनगटापासून कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. माझ्या हाताला घाम होता.

मला आठवलं, पत्रकातलंच. जनावर चाटायला लागलं की मिठाची कमतरता समजावी. मला आनंद झाला, खरंच सांगते. वाचलेली गोष्ट डोळ्यांपुढं घडत होती. मी घरात गेले, मडक्यातला खडेमिठाचा खडा आणला आणि तिच्यापुढं धरला. ती चाटत राहिली. तिच्या कपाळावर थोपटत मी तिला म्हणाले, "बघ, कुणाला तरी कळतं ना तुझं."

चार वाजले तेव्हा ती मान खाली घालून उभी होती. खात नव्हती. जबडा हलत नव्हता. मी पत्रक पुरं केलं होतं.

आत्ती पाचच्या पुढं आली, डोक्यावर दोन आणि काखेत एक घागर. धारेला बसली आणि उठली. चरवीच्या तळाला जेमतेम दूध होतं. "आज चोरती का काय ही," आत्ती म्हणाली आणि नेहमीसारखी बादली दाखवायला गेली. म्हशीनं बादलीला तोंडही लावलं नाही. आत्तीचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला.

एसटीनं आबा आले ते सरळ बोरीखाली. काठी टेकून त्यांनी म्हशीच्या नाकावर हात ठेवला. म्हशीचं नाक ओलं असतं, दव पडल्यासारखं. ते सुकून भेगाळलं होतं. त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती घडी तशीच उभी राहिली. मग मागं जाऊन शेण बघितलं. शेण कसलं, काळ्या टणक गोळ्या.

"कवापास्नं रवंथ न्हाई?"

मी म्हणाले, "दुपारपासून असेल. पण आबा, खायला भरपूर घातलंय. पेंढा, पेंड, मीठसुद्धा."

"पाणी?"

"सकाळी दावलं की," आत्ती म्हणाली.

"दावलं," आबा म्हणाले. "पाजलं का?"

आबा काठीच्या आधारानं खाली टेकले. एरवी माझ्याशी बोलताना त्यांच्या बोलण्यात चेष्टा असायची, ती नव्हती.

"पोरी, जलम मेंढरामागं गेला माझा. मेंढरास्नी आमी पाणी दावत न्हाई. पाण्याव न्हेतो. मेंढरू खाली मान घालतंय, पितंय, आपलं आपुन मान वर करतंय. त्येच्या आदी हाकलायचं न्हाई, बा आला तरी. आमी बी मागनं प्यायाचं." मग म्हशीकडं बघत, तिलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "आन् हिला दारात बांधून दावतोय. दावायला ही काय नवरी बगाय आलीया?"

आत्तीनं तोंडाला पदर लावला. मी हसले नाही. मला नीट आठवतं, माझे कान गरम झाले होते. 'दाखवा' हा शब्द मी किती वेळा लिहिला होता, वाचला होता, भिंतीवर चिकटवला होता. तो काय सांगतो ते मला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं. त्यात पिणं नाही. त्यात जनावराचं पोट नाही. त्यात फक्त धरणाऱ्याचा हात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याहून गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. माणूस कमी बोलणारा. त्यांनी म्हशीच्या डाव्या कुशीत मूठ दाबली. मूठ काढल्यावर तिथं खळगा तसाच राहिला, मळून ठेवलेल्या कणकेत राहतो तसा.

"काय खायला दिलं?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पाठ होतं. पेंढा एवढा, पेंड एवढी, मीठ.

"आणि पाणी?"

"दोन वेळा दाखवत होतो."

"कुणी सांगितलं दोन वेळा?"

आत्तीनं दाराकडं बोट केलं. दारावर माझं पत्रक होतं, खळीनं चिकटवलेलं. आत्तीला वाचता येत नव्हतं, पण मी ते तिला दोनदा वाचून दाखवलं होतं. डॉक्टर जवळ गेले, चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"अक्षर छान आहे," ते म्हणाले आणि नळी काढायला बॅगेकडं वळले.

पोटात नळी घालून त्यांनी तेल सोडलं, मग गूळ-मिठाचं कोमट पाणी, थोडं थोडं, थांबून थांबून. हात चालवत तोडक्या वाक्यांत बोलत होते. म्हशीच्या पोटात एक मोठं पिंप असतं असं समजा. चारा आधी त्यात भिजतो, मग ती तो परत तोंडात आणून चघळते. हिरवा चारा स्वतःचं पाणी घेऊन येतो. वाळला चारा पाणी मागतो. जितका वाळला जास्त, तितकं पाणी जास्त. पाणी नसेल तर तो आत गच्च बसतो, विटा रचल्यासारखा. "तुम्ही चारा वाढवला आणि पाणी तेवढंच ठेवलं. वर मीठ. नशीब, खडा लहान होता."

मी विचारलं, "म्हणजे चारा आला नसता तर..."

"तर उपाशी असती. आत्ता आहे ती भरल्या पोटी मरायला लागलीय."

हे वाक्य मी कुठल्याही पत्रकात लिहू शकले असते. तसं ते माझ्यावरच लिहिलेलं होतं. मी ज्या ट्रकपुढं नाचले होते तो तिच्या पोटात उभा होता.

आत्तीनं विचारलं, "जगंल का?"

"परवापर्यंत शेण मोकळं झालं तर जगेल. तासा-दोन तासाला पाणी पोटात गेलं पाहिजे. एकदम नाही, पण थांबायचं नाही."

पाणी कुठून? दुपारी टँकर आला. रांग लागली. आत्ती रांगेत उभी राहिली आणि तिनं सरळ सांगून टाकलं की मी म्हशीसाठी नेणार. मागून एक बाई म्हणाली, "माणसं कोरडी आन् म्हशीला पाणी? असलं कुटं अस्तंय काय गं?" आत्ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "माज्या वाटणीचं हाय. मी न्हाई पीत, जा." ती खरोखरच त्या दिवशी घरात ताकावर राहिली. ताकही शेजारचं.

संध्याकाळी तीच बाई कळशी घेऊन आली, रांजणाशी ठेवली. "दुपारी बोलले त्येचं काय मनावर घिऊ नगंस," असं भिंतीकडं बघून म्हणाली आणि गेली. मग आणखी दोघीतिघी आल्या. आबा बांबूच्या नळ्यानं घोट घोट पाजत होते. दावं मी सोडून दिलं होतं. आता ती रांजणापर्यंत जाऊ शकत होती, पण तिच्यात तेवढं चालायचं बळ नव्हतं.

गुरुवारी दुपारी शेण मोकळं झालं. एका शेणानं तीन माणसांना एवढा आनंद झालेला मी कधी बघितला नाही. आबांनी ते काठीनं उलटून बघितलं आणि म्हणाले, "झ्याक."

डॉक्टर शुक्रवारी पुन्हा आले. आता पाणी रोखू नका म्हणाले. पुढं ठेवा, ती स्वतः तोंड वर करेपर्यंत उचलू नका. त्या दिवशी टँकर वेळेवर आला होता. आम्ही म्हशीला धरून बोरीखालून पुढं आणलं आणि तिच्यासमोर भरलेली बादली ठेवली. ठेवली, धरली नाही. आत्तीचा हात सवयीनं कडीकडं गेला, आबांनी काठीनं तो हळूच बाजूला केला.

तिनं तोंड बुडवलं. पाणी ओढल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. घशाखालून लाट जावी तसं काहीतरी मानेतून सरकत होतं. बादली रिकामी झाली. दुसरी ठेवली. तीही. गल्लीतल्या बायका जमल्या.

"टँकर पितीया का काय ही?"

"आगं, हिला डायवरच्या शेजारीच बसवा आता."

तिसरी बादली. चौथी. चौथीच्या अर्ध्यात ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा तोंड घातलं. पाचवीला दोन घोट घेऊन तिनं मान वर केली. नाकावरून पाणी निथळत होतं. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि एक लांब सुस्कारा टाकला.

आत्ती मटकन खाली बसली. माझ्याकडं नाही, कुणाकडंच बघत नव्हती.

"तीस वरसं म्हसरं राखली म्या," ती म्हणाली. "म्हस किती पितीया ते आज कळलं."

मी चारा छावणीचे, मोर्चाचे, कचेरीचे खूप प्रसंग बघितले आहेत. मला त्या वाक्याएवढा हादरा कशानंच बसला नाही. ती बाई निष्काळजी नव्हती. म्हशीला नजर लागू नये म्हणून तिच्या गळ्यात काळा दोरा बांधणारी, तिच्या शिंगांना तेल लावणारी बाई होती. तीस वर्षांत तिच्या एकाही म्हशीला पोटभर पाणी मिळालं नव्हतं, आणि ते तिला माहीतच नव्हतं, कारण जनावर पुरे म्हणायच्या आत बादली उचलायची अशीच रीत होती. रीतीला शब्द होता. आणि त्या शब्दाला मी छापून आणलं होतं.

दूध परत आलं, आधीच्या निम्म्यानं. त्या वेतात पुरतं आलं नाही. तेव्हापासून आत्ती दुपारीही पाणी ठेवू लागली, मिळेल तसं, हापशावरून जास्तीची खेप करून. केंद्रावर सेक्रेटरीनं नळी उन्हाकडं धरली आणि आकडा वहीत लिहिला. आत्तीच म्हणाली, "का? आज पवाय सोडली न्हाई काय?" फॅट होती तेवढीच लागली होती.

मी सांगलीला परत आले आणि आधी ती पुस्तिका शोधून पाण्याचं पान काढलं. पहिलंच वाक्य होतं की जनावरापुढं स्वच्छ पाणी सतत असावं. दुसरं, की वाळल्या चाऱ्यावर असलेल्या आणि दूध देणाऱ्या जनावराला ते सर्वांत जास्त लागतं. म्हणजे सगळं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. त्याखाली पेन्सिलीनं रेघही मारली होती, माझीच. आणि मग जागा नाही म्हणून ते कापून मी त्याच्या उलटं लिहिलं होतं, लोकांच्या भाषेत.

सरांना सांगितलं की पत्रक मागं घेऊ या, चुकलंय असं जाहीर लिहू या, आणि टँकरच्या कागदात जनावरांचा रकाना मागू या. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "चारा आपण जिंकलाय. आत्ताच आपणच चुकलो म्हटलं की कचेरीत हसतील. आणि एका शब्दानं काय होतं?"

मी म्हटलं, "सर, एका शब्दानं काय होतं ते बोरीखाली बांधलेलं होतं. मी बघून आले."

ते पत्रक मागं घेतलं गेलं नाही. अजून काही घरांच्या दारांवर असेल, काही दूध केंद्रांच्या भिंतींवर असेल. मी नंतर जमेल तिथं जाऊन खोडलं, पण तीन तालुके माझ्या पायांनी पुरे होत नाहीत. म्हणून आता मागणी, आणि ही कचेरीकडं नाही, तुमच्याकडं आहे.

तुमच्या दारावर ते पत्रक असेल तर त्यातली शेवटून तिसरी, पाणी दाखवायची ओळ खोडा. आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर. आणि तुमच्या दारात जनावर बांधलेलं असेल तर उठा, त्याचं दावं सैल करा, भरलेली बादली त्याच्यापुढं जमिनीवर ठेवा आणि हात मागं घ्या. ते स्वतः मान वर करेपर्यंत तिथंच उभे राहा.